शेवटची बेरी फुटेपर्यंत

दारावर बुक्क्या बसल्या तेव्हा बेल्मिरा ओट्याशी उभी राहून भिजवलेले घेवड्याचे दाणे निवडत होती. तिनं हात पुसले, दार उघडलं, तर खालच्या मजल्यावरचा ओलिम्पियो एका गालाला साबणाचा फेस आणि एक गाल कोरडा अशा अवतारात उभा. "दोना बेल, काय जळतंय?" "काही नाही जळत," असं ती म्हणतेय तोवर तो तिच्या अंगावरून आत घुसला, शेगडीपाशी गेला, त्यानं गॅस बंद केला आणि खिडकी वर ढकलली. कॉफीचं भांडं तळापासून कानापर्यंत काळं पडलं होतं. त्यातून निळसर धूर सरळ रेषेत वर चालला होता, आणि हे सगळं तिच्या पाठीमागे दोन हातांवर घडलं होतं. ओलिम्पियो भांड्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. आयुष्यभर बोटीवर शिंपले काढणारा माणूस, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर फार वेळ नजर ठेवायची त्याला सवय नव्हती. "सर्दी झालीय मला," बेल्मिरा म्हणाली. "बरं," तो म्हणाला. दारातून जाताना मात्र थांबला. "तुमच्या लेकीला, दुल्सेला, काही सांगायचं का?" "सांग की. मग माझ्या घरचा भात पुन्हा तुझ्या ताटात दिसला तर बघ." तो हसला, फेसाचा एक गोळा त्याच्या बाहीवर पडला, आणि जिन्यावर त्याच्या चपला खाली खाली वाजत गेल्या.

ती भांड्याजवळ गेली. वाकून अगदी तोंड आत घातलं. ऊब लागली, डोळे चुरचुरले. बाकी काही नाही. खिडकीच्या काचेला नाक लावल्यासारखं काही नाही. सप्टेंबरअखेर सर्दी आली होती, ताप आला होता, दोन्ही उतरले, आणि त्यानंतर रस्सा गरम पाण्यासारखा लागायला लागला तेव्हा ती मनाशी म्हणाली होती, वय झालं. वय झालं म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नाही. कॉफीचा डबा उघडून हुंगला तर फक्त पत्र्याचा गारवा. एकदा कपाटात डोकं घालून तिनं नवऱ्याच्या, आंतेरोच्या, कोटाच्या कॉलरवर नाक टेकलं होतं. त्याला जाऊन वर्षं झाली, तरी त्या कॉलरमध्ये तंबाखू आणि बंदरावरचं डिझेल असं मिळून काहीतरी टिकून होतं. त्या दिवशी नाकाला नुसती लोकर टोचली. तिनं कपाट लावून घेतलं आणि त्याबद्दल स्वतःशीसुद्धा बोलली नाही. वास कमी झालाय, असं ती धरून चालली होती. आज कळलं की तो कमी झालेला नाही, गेलेला आहे. आणि आज थँक्सगिव्हिंगचा सण होता, तीन वाजता सगळे येणार होते, आणि दुल्सेच्या घरी मागच्या बाजूची एक खोली रंग देऊन तयार होती.

ती खोली वाईट नव्हती. बेल्मिरानं ती बघितली होती. पिवळा रंग, खिडकीतून मॅपलचं झाड, खाली उतरायला जिना नाही. "आणि स्वयंपाक?" तिनं विचारलं होतं. "स्वयंपाक कशाला करायचा आई तुला? आयुष्यभर केलास की." दुल्से वाईट मुलगी नव्हती, काळजी हा तिचा स्वभाव होता, लहानपणी बाहुल्यांनासुद्धा ती दोन-दोन स्वेटर घालायची. उन्हाळ्यात बेल्मिरा जिन्यात घसरली त्या दिवशी दुल्सेनं शांतपणे सांगून टाकलं होतं, "आणखी एक काही झालं ना, तर मी ऐकणार नाही. सण आमच्याकडे, आणि तूही आमच्याकडे." आणखी एक काही आता शेगडीवर काळं होऊन बसलं होतं. गॅसची शेगडी आणि वास न येणारी म्हातारी. दुल्सेला एवढं कळलं की पुढचं बोलणंच नको. आणि वाईट हे की तिचं चुकीचंही नसेल. ओलिम्पियोची दाढी आधीच उरकली असती आणि तो बाहेर पडला असता, तर? बेल्मिरानं तो विचार पुढे जाऊ दिला नाही. तिनं फोन हातात घेतला. मला बरं नाही, यंदा तुमच्याकडेच करा, एवढंच म्हणायचं होतं. मग फोन तसाच ओट्यावर ठेवला आणि हवा खावी म्हणून क्रॅनबेरीची, टर्कीबरोबरच्या चटणीसाठी आणलेल्या लाल आंबट फळांची, पिशवी मांडीवर घेऊन ती मागच्या लाकडी जिन्यावर जाऊन बसली.

थंडी कोरडी होती. खालच्या गल्लीत कोणी नव्हतं. लांब बंदराच्या बाजूला सीगल ओरडत होते. पिशवीचं तोंड उघडताना एक बेरी निसटली, पायरीवर पडली आणि उडाली. टप. खालच्या पायरीवर, टप. मग पुढच्या. बेल्मिरा बघत राहिली नाही, ऐकत राहिली. शेवटच्या पायरीवरून ती सिमेंटवर उतरली तेव्हाचा आवाज वेगळा होता, टणक. चांगली बेरी, तिच्या आत कोणीतरी म्हणालं, आणि ते म्हणणं आईच्या आवाजातलं होतं.

तिच्या लहानपणी वेअरहॅमच्या पलीकडच्या पाणथळात बाप गुडघ्यांवर सरकत लाकडी फणीनं क्रॅनबेरीच्या वेली विंचरायचा, रांगेत त्याच्या दोन्ही बाजूंना बेटांवरून आलेलीच माणसं, केप व्हर्डची. आणि आई निवडणीच्या शेडमध्ये. ती शेड म्हणजे नुसता गोंगाट. वरून बेऱ्या ओतायच्या, त्या उतरत्या फळीवर आपटायच्या, आणि समोर आडवी पट्टी. चांगली बेरी टणकन उडून पट्टीपलीकडे जायची. मऊ पडलेली, दबलेली, अलीकडेच पडायची. पलीकडच्या पेट्यांत भरून शहरात जायच्या, लोकांच्या सणाला. अलीकडच्या टाकाऊ, त्या बायकांनी घरी न्यायच्या असतील तर न्याव्यात. बेल्मिराच्या घरी सणाला जी क्रॅनबेरी शिजली ती कायम या टाकाऊंतली. शाळेत पोरं बेटांवरच्या मुलांना चिखलातली म्हणायची. आई एप्रनचा सोगा भरून आणायची आणि घरामागच्या लाकडी पायऱ्यांवर त्या पुन्हा एकदा वरून सोडायची. "यंत्राला घाई असते," ती म्हणायची, "आपल्याला नाही." आणि खरंच, टाकलेल्यांतूनही उड्या मारणाऱ्या निघायच्या. टप, टप, टप करत शेवटच्या पायरीपर्यंत जायच्या, आणि बेल्मिरा आणि तिची थोरली बहीण आर्मांदिना खाली ओंजळ धरून बसायच्या. मग भांडं चुलीवर चढलं की आई दोघींना चुलीकडे पाठ करून बसवायची. खेळ असा होता: भांड्यात बेऱ्या फुटायला लागतात, आधी एक, मग दोन, मग सगळ्या मिळून कल्ला, मग पुन्हा विरळ. ज्या आवाजानंतर आता आणखी फुटणार नाही असं वाटेल, तेव्हा ओरडायचं, शेवटची! बरोबर निघालं तर पळी चाटायला तिची. आर्मांदिना कायम घाई करायची. बेल्मिरा थांबायची, आणि पळी बहुतेक वेळा बेल्मिराला मिळायची, आणि त्यावरून मारामारी व्हायची. आईकडे घड्याळ नव्हतं आणि तिला त्याची गरजही नव्हती. ती चुलीकडे पाठ करून मुलींच्या वेण्या घालत सगळा स्वयंपाक करायची.

पाठ करून. बेल्मिरा उठून बसली. म्हणजे बसलेलीच होती, पण आतून उठली.

तिनं पिशवीतल्या सगळ्या बेऱ्या मूठ मूठ करून पायऱ्यांवर सोडल्या. उडाल्या त्या खाली ठेवलेल्या टोपलीत जमा झाल्या, न उडालेल्या वरच्या पायऱ्यांवर तशाच राहिल्या. आत येऊन तिनं आधी रेडिओ बंद केला, मग फ्रिजच्या घरघरीचा राग येऊन त्याचाही प्लग काढला. घर स्वच्छ शांत झालं. टर्की सकाळपासून भट्टीत होती. तिनं दाराशी कान नेला. चरबी तव्यावर पडताना सावकाश ठिबकत होती, अजून भिजकी, अजून वेळ आहे. कढईत तेल घालून कांदा टाकला. आधी तो ओरडला, मग चिडचिडला, मग हळूहळू त्याचा आवाज खाली आला, कुजबुजल्यासारखा झाला, आणि ती म्हणाली, आता सोनेरी. डोळे उघडून बघितलं तर सोनेरी. तिनं डोळे मिटले होते हे तिला तेव्हा कळलं. लिंग्विसा सॉसेजचे तुकडे, तमालपत्र, घेवडा, तांदूळ, पाणी. जगसिदा, बेटांवरचा हा घेवड्याचा भात, म्हणजे सगळा विस्तवाचा हिशेब. क्षणभर उशीर झाला की तळाला करपतो आणि करपण्याची पहिली वर्दी नाकाला मिळते. ती वर्दी आता येणार नव्हती. ती भांड्याशेजारी स्टुलावर बसली. पाणी आधी जाड आवाजात खदखदलं, मग तो आवाज भातात बुडाला, मग बारीक बारीक फुसफुस, आणि मग एकदम, अगदी खालून, कोरडी पानं हातात चुरावी तसा तडतडाट सुरू झाला. बंद! तिनं गॅस बंद केला आणि भांड्यावर जाड टॉवेल टाकला. अंगावर काटा आला होता. इतकी वर्षं हे सगळं वाजत होतं आणि वासाच्या गर्दीत तिनं ते कधी ऐकलंच नव्हतं. वाद्यं सुरात लावणाऱ्या बाईसारखी ती एका भांड्यावरून दुसऱ्याकडे जात होती. रताळ्यांत सुरी घातली की ती आत कशी उतरते तेही ऐकू येत होतं. भट्टीतलं ठिबकणं आता झरझर झालं होतं. टर्कीच्या छातीवर तिनं बोटाच्या पेरानं टकटक केलं तर दारावर केल्यासारखी टकटक झाली.

क्रॅनबेरी तिनं मुद्दाम शेवटी ठेवली होती. साखर, पाणी, बेऱ्या, आणि शेगडीकडे पाठ. पहिली फुटली. दुसरी. मग कल्ला. मग विरळ. ती थांबली, आणखी थांबली, आणि मोकळ्या घरात मोठ्यांदा म्हणाली, "शेवटची!" काही फुटलं नाही. ती एकटीच हसली. मग वरच्या फळीवरून बाटली काढून रिवाजाप्रमाणे त्यात दोन मोठे चमचे ग्रोग ओतला, बेटावरची उसाची दारू, चुलतभाऊ येताना पाण्याच्या बाटलीत भरून आणतो ती. पळी बुडवली, फुंकली, चाटली.

आधी आंबट. आंबट तिला कळत होतं, गोडही कळत होतं. जिभेचं तेवढं राहिलं होतं. पण त्यामागून काहीतरी आलं. जिभेच्या टोकाला ठिणगी पडली, ती कडांवर पसरली, घशात उतरली, आणि कानापर्यंत गरम झालं. तिनं बाटली उजेडात धरली. शेजारची दुसरी बाटली उजेडात धरली. दोन्ही पाण्याच्याच, दोन्हींत सारखंच पिवळसर पाणी. आर्मांदिना दरवर्षी मिरच्या व्हिनेगरमध्ये मुरवून आणून देते, आणि यंदा बिया दातांत अडकतात म्हणून तिनं ते गाळून आणलं होतं. चिठ्ठी कोण लावतं? झाकण काढलं की नाक सांगायचं, ही कोण आणि ती कोण. बेल्मिरा दोन बाटल्या दोन हातांत घेऊन उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकातूनही. दोन महिन्यांत पहिल्यांदा जेवण तिच्या तोंडात येऊन तिच्याशी बोललं होतं, तेसुद्धा शिव्या दिल्यासारखं. तिनं आणखी एक पळी घेतली. मग आणखी एक. मग भानावर आली. हे टर्कीबरोबर वाढायचं? जावई रॉय, ज्याला काळी मिरीसुद्धा झोंबते, त्याला? आणि दुकानं सगळी बंद.

वरच्या पायऱ्यांवर न उडालेल्या बेऱ्या होत्या.

ती बाहेर गेली. त्या गोळा करून तिनं पुन्हा सोडल्या, घाई न करता. निम्म्याहून जास्त उडाल्या. उरलेल्या मूठभर तिनं वाटीत ठेवल्या. उडालेल्या त्याच भांड्यात गेल्या, बरोबर साखर, एका संत्र्याचा रस आणि किसलेली साल. ती पुन्हा पाठ करून बसली. पुन्हा फुटल्या. चाखलं तर आंबट, गोड, आणि पार शेवटी, दार लोटून जाणाऱ्या पाहुण्यासारखी, आग. तिला ते इतकं आवडलं की ते बिघडलंय की जमलंय हे तिनं ठरवलंच नाही.

तीन वाजता जिन्यात आवाज झाले आणि तिला तिघांची पावलं ओळखू आली. दुल्सेची पटपट. रॉयची जड, हातात पिशवी, पिशवीत पत्र्याचा डबा. कारण लहानपणापासून त्याला डब्यातली क्रॅनबेरीच लागायची, डब्याच्या वळ्या अंगावर असलेली, सुरीनं गोल कापायची. आणि मागून आर्मांदिना, काठीचा ठोका आणि तोंडाचा पट्टा. आर्मांदिनाच्या कानांत यंत्रं होती आणि ती गरजेपुरतीच चालू असायची. दारातच ती थांबली. नाक वर केलं. "कॉफी जाळलीस."

दुल्सेनं लगेच शेगडीकडे बघितलं, मग उघड्या खिडकीकडे, मग आईकडे. "खिडकी का उघडी आहे?"

"बसा आधी," बेल्मिरा म्हणाली. "गार होतंय."

बसले. आर्मांदिनानं देवाचे आभार मानले, लांबलचक, त्यात शेजारणीचं गुडघ्याचं ऑपरेशनही आलं. मग ताटं भरली. बेल्मिराला सगळं ऐकू येत होतं: काट्यांचा वेग, भातासाठी पुन्हा सरकलेली वाटी, टर्कीचं कातडं दातांखाली मोडल्याचा आवाज. रॉयनं भिडेखातर चमचाभर क्रॅनबेरी घेतली. खाल्ली. थांबला. कपाळावर घाम आला. मग त्यानं वाटीच आपल्याकडे ओढली. "हे काय आहे? हे असं आधी का नव्हतं करत?"

"बघू," म्हणून आर्मांदिनानं बोट बुडवलं. "यात माझी मिरची आहे! बेल, तू क्रॅनबेरीत माझी मिरची घातलीस? वेड लागलं का तुला?"

आता हसून मुद्दाम घातली म्हणता आलं असतं. कोणी विचारलं नसतं. वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं. पण तिनं ताटांकडे बघितलं, रिकाम्या होत आलेल्या, आणि तिला वाटलं, हे लपवून जिंकले तर हे कोणी केलं तेच कोणाला कळणार नाही.

"चुकून पडली," ती म्हणाली. "ग्रोग समजून. मला वास येत नाही. सप्टेंबरपासून अजिबात नाही. सकाळी कॉफी जळली तेही मला कळलं नाही, ओलिम्पियोनं येऊन गॅस बंद केला."

दुल्सेनं काटा खाली ठेवला. "आई, गॅस आहे हा. गॅस! तू झोपलेली असतीस तर?"

"हो."

"हो काय? हो म्हणून काय होतं? आणि तू आज, त्याच्यानंतर, एकटी इथे..." तिचा आवाज फाटला. "नाही. मी बोलले होते तुला. आता नाही."

"बोलली होतीस. आणि घाबरलीस ते बरोबर आहे, मीही घाबरले. पण हे जेवण झालंय ना, हे त्याच्यानंतर झालंय. सगळं. भात करपलाय का?"

दुल्सेनं आपल्या ताटाकडे बघितलं. भात करपला नव्हता. तो दरवर्षीपेक्षा चांगला झाला होता आणि ते तिच्या चेहऱ्यावर होतं.

"मग कसा केलास?"

"ऐकून."

"काहीतरीच."

"काहीतरीच नाही ते," आर्मांदिना एकदम म्हणाली. तिनं कानातलं यंत्र बोटानं फिरवून मोठं केलं. "आमची आई करायची. शेवटचीचा खेळ. ही चोरटी कायम जिंकायची."

"तू घाई करायचीस."

"मी घाई? तू आईला डोळे मारायचीस!"

बेल्मिरा उठली. मूठभर बेऱ्यांची वाटी तिनं दुल्सेच्या हातात ठेवली. "तू लाव. विस्तव तुझ्या हातानं. मी इकडे बसते." तिनं खुर्ची उलटी फिरवली आणि शेगडीकडे पाठ करून भिंतीसमोर बसली. दुल्से काही क्षण वाटी घेऊन उभी राहिली. मग पाणी पडल्याचा आवाज, साखरेचा सरसर आवाज, गॅसची टिकटिक, ज्योतीचा भप्प.

"झाकण अर्धं ठेव," बेल्मिरा भिंतीला म्हणाली.

पाणी तापलं. पहिली फुटली, दबक्या आवाजात. या मऊ बेऱ्या, त्यांचं फुटणंही मऊ. मग दोन. मग घाईघाईनं बऱ्याच. रॉय खुर्चीत पुढे सरकून ऐकत होता, त्याच्या खुर्चीचा पाय करकरला. विरळ झालं. एक. बराच वेळ काही नाही. "शेवटची!" आर्मांदिना ओरडली, आणि लगेच भांड्यात एक फुटली, आणि ती स्वतःशी काहीतरी घाण बोलली. पुन्हा शांत. "आता झाली असेल," रॉय पुटपुटला. बेल्मिरा बोलली नाही. तिच्यासमोर भिंतीवर तिच्या डोक्याची सावली होती, आणि पाठीमागे नुसती ज्योत आणि दाट होत चाललेल्या पाकाची बुडबुड. हातात पळी घेतलेली दुल्से श्वास रोखून उभी होती, तोही ऐकू येत होता. आणखी एक आहे. तिला ती दिसत होती म्हणावं तर भिंतच दिसत होती, पण होती ती, भांड्याच्या कडेला चिकटलेली, दोनदा पायरीवरून न उडालेली, अजून अख्खी. थांब, आईचा हात वेणीत थांबला. थांब.

फुट.

"शेवटची," बेल्मिरा म्हणाली.

सगळे थांबले. आर्मांदिनानं कान पुढे केला. काही नाही. दुल्सेनं झाकण काढलं, पळीनं तळ ढवळला, कडा ढवळल्या, आणि पुन्हा ढवळल्या. गॅस बंद झाला. मग दुल्से हसली की रडली ते पाठमोऱ्या बेल्मिराला आवाजावरून सांगता आलं असतं, पण तिनं तेवढं तिचं तिच्यापाशी राहू दिलं.

"एकही अख्खी नाही," दुल्से म्हणाली. आणि थोड्या वेळानं, वेगळ्या, कामाच्या आवाजात, "पण गॅसचं काय? त्याला काय ऐकणार तू?"

"ओलिम्पियोच्या भिंतीवर तो डबा आहे, गॅस सुटला की किंचाळणारा. तसला माझ्याकडे लाव, उद्याच. नाक भिंतीला असू दे, कान माझे आहेत. आणि बाटल्यांना चिठ्ठ्या लाव."

"माझ्या बाटलीला मोठ्या अक्षरात," आर्मांदिना म्हणाली.

"आणि रोज सकाळी फोन करायचा," दुल्से म्हणाली. "रोज. मी विचारलं की खरं सांगायचं."

"करीन."

पिवळ्या खोलीचं नाव कोणी काढलं नाही. रॉयनं आपला पत्र्याचा डबा हळूच पिशवीत परत टाकला. तेही तिनं ऐकलं. "पुढच्या वर्षी," तो म्हणाला, "टर्की जरा मोठी घ्या."

बेल्मिरानं खुर्ची वळवली. दुल्से पळी घेऊन उभी होती, लाल, वाफाळती, आणि आर्मांदिनानं आधीच हात पुढे केला होता.

"ए," बेल्मिरा म्हणाली, "पळी माझी आहे."